ओठ मिटल्यावर

बायजाने हेडफोन कानांवर चढवला आणि दचकून लगेच काढला. आत कुणीतरी श्वास घेत होतं.

"अगं, ती पडद्यावरची बाई आहे," काचेपलीकडून दर्शना स्पीकरवर म्हणाली. "बोलायच्या आधी ती अशीच थांबते."

कोपरला एका इमारतीच्या तळमजल्यावर, भिंतींना जाड फोम चिकटवून, बायजाच्या या लेकीने स्टुडिओ थाटला होता. परदेशी माहितीपटांना ती मराठी आवाज देई. या वेळचा माहितीपट जगाच्या बाजाराबद्दल होता. कुठल्या देशातली बँक कुठल्या देशाला कर्ज देते, त्या कर्जातून बंदर कसं उभं राहतं आणि मग किनाऱ्यावरची माणसं कुठे जातात, असं सगळं त्यात होतं. कोट घातलेले तज्ज्ञ तर पुष्कळच. काचेच्या इमारतींत बसून ते उंटावरून शेळ्या हाकत होते, आणि त्यांच्यासाठी भारदस्त गळ्याची माणसं डोंबिवलीत हवी तेवढी मिळाली. अडलं ते एका म्हातारीपाशी. तिचं मिठागर बंदराखाली गेलं होतं. नाटकात काम करणाऱ्या दोघीजणी येऊन छान रडून गेल्या, पण म्हातारी मुळी रडतच नव्हती. शेवटी दर्शनाने आईला बोलावलं.

आईला गाडीतून घेऊन आलेले बाबा, काळुराम, आता दर्शनाशेजारी दुसरा हेडफोन लावून बसले होते. उगाच आपलं, बघू तरी काय असतं ते, म्हणून.

खाडीलगतचं मिठाचं आगर काळुरामने विकलं त्याला बरीच वर्षं झाली होती. पैसा चांगला आला, बंगला झाला. बायजाने मात्र तेव्हापासून जी मिठाची गुळणी धरली ती धरलीच. भांडण नाही, तंटा नाही. जेवायला वाढलंय, गोळी घ्या, एवढंच काय ते बोलणं. बाईला आगराचं दुःख आहे, होईल हळूहळू कमी, असं काळुराम धरून चालला होता. ते कमी झालं नाही. आता मानपाड्याचा उरलेला तुकडा एका परदेशी कंपनीला गोदामासाठी हवा होता आणि उद्या सही करायची होती. पण काळुरामचा हात धजत नव्हता. हाही तुकडा गेला तर घरातलं उरलंसुरलं बोलणंही जाईल, याची त्याला मनापासून भीती वाटत होती.

दर्शनाने दिवे मालवले. पडदा पांढरा झाला. जिकडे पाहावं तिकडे मीठ, आणि त्यातून लांब दांड्याच्या लाकडी फळीने मीठ ओढत चाललेली ती म्हातारी. बायजाचे डोळे आपोआप बारीक झाले. बंद खोलीत तिला दुपारचं ऊन लागू लागलं. स्वप्नात आपण आपल्याच गावात, पण दुसऱ्याच कुणाच्या घरात फिरत असतो, तसं तिला झालं. बांध ओळखीचा होता, आभाळ परकं होतं. म्हातारीने पदर सावरावा तसं डोक्यावरचं फडकं सावरलं, आणि इकडे बायजाचाही हात डोक्याकडे गेला.

बायजाला वाचता येत नव्हतं. म्हणून म्हातारी काय बोलतेय ते दर्शना आधी तिच्या कानात सांगे आणि बायजा ते आपल्या बोलीत म्हणे.

"मंत्र्याला इचारला," बायजा म्हणाली. पडद्यावरचे ओठही तेवढेच हलले. "बँकेला इचारला. माझे नवऱ्याला पन इचारला."

एवढं बोलून म्हातारीने ओठ मिटले आणि ती समोर पाहत राहिली. मागे नुसता समुद्राचा आवाज. दर्शनाने रेकॉर्डिंग थांबवायला हात पुढे केला.

"मना कोनी इचारला नाय," बायजा बोलतच होती. "घेनारी मानसा आली, तवा च्या मीच दिला. कप उचलाला गेली, तवा समाजला का आगर गेला."

पडद्यावर म्हातारी गप्प उभी होती. काळुरामने हेडफोन काढला, मांडीवर ठेवला, आणि काहीच ऐकू येईना तेव्हा परत लावला.

"आई," दर्शना हलकेच म्हणाली, "तिचं बोलणं आधीच संपलेलं."

"तिचा संपला," बायजा म्हणाली.

मग त्यांनी तो भाग पुन्हा केला. या खेपेला बायजा बरोबर जिथे थांबायचं तिथे थांबली. दर्शनाला हवं ते मिळालं. तिने आईला चहा दिला आणि कप स्वतः उचलून नेला.

परतताना मानपाड्याच्या अलीकडे काळुरामने गाडी उगाचच रस्त्याच्या कडेला घेतली. कंपनीच्या माणसाचा फोन वाजत होता, तो त्याने बंद करून टाकला. बायजा काय म्हणणार हे तो जाणून होता, आणि तसंच करायचं हे त्याने वाटेतच ठरवलं होतं. तरी त्याने विचारलं.

"मानपाड्याचे जागेचा काय करू? तू सांगशील तसा."

बायजाने त्याच्याकडे पाहिलं. बरीच वर्षं न पाहिलेल्या माणसाकडे पाहावं तसं, नीट निरखून.

"इका," ती म्हणाली.

काळुराम तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"आगर पन इका बोलली असती," बायजा म्हणाली. "मिठान पाय कुजलं व्हतं माझं."

काळुरामला गाडी सुरू करता येईना.