फरश्यांचा दुसरा भाग

या सगळ्या खटाटोपातून वहिनीला मिळवायचं होतं ते एवढंच: पडद्यावर आधी तिचं नाव. दोघींच्या पहिल्या खेळात, वरून पडणाऱ्या फरश्या जुळवायच्या त्या खेळात, नणंदेचं नाव वर होतं आणि वहिनीचं खाली. नणंदेने रंगवलेल्या फरश्या देखण्या होत्या आणि वहिनीने लिहिलेला प्रोग्राम अडखळायचा. एका रंगाच्या तीन फरश्या जुळून नाहीशा झाल्या की अख्खा खेळ अर्धा सेकंद गोठायचा.

"तुझ्या खेळाला धाप लागते गं, वहिनी," हे नणंदेने चार वर्षं ऐकवलं. शेवटी तिनेच शब्द दिला, "दुसरा भाग न अडखळता चालव, तुझं नाव वर."

वहिनी आठ महिने हात धुऊन त्याच्या मागे लागली. दुसरा भाग कुठेही न थांबता सरसर चालायला लागला.

व्हिडिओ गेमच्या दुकानात जुन्या मशीनशेजारी नवं मशीन उभं राहिलं. दुकानदाराने आधीच बजावलं, "शनिवारपर्यंत लोक रमले तर ठेवतो. नाहीतर उचला."

पहिला मान शिलाईवाल्या काकूंचा. जेवणाच्या सुट्टीत जुन्या मशीनवर अर्धा तास हरायच्या नाहीत अशी ही बाई. नव्यावर दोन मिनिटांत फरश्या छताला टेकल्या.

"काय झालं, काकू?" वहिनीने विचारलं.

"मला काय विचारतेस? हात माझेच होते ना?"

पाठोपाठ पोस्टमन हरला, मग दोन नर्स. खेळ वाईट आहे असं कुणीच म्हणेना. "छान आहे हो," म्हणायचे आणि गुपचूप जुन्या मशीनच्या रांगेत जाऊन उभे राहायचे. याला काय म्हणावं?

वहिनीने घड्याळ लावून फरश्यांचा वेग मोजला. जुना तोच नवा. बटणं बदलली, काही फरक नाही. नणंदेला चक्क स्वतःच्या रंगांचा संशय आला, जो तिला जन्मात कधी आला नव्हता. तिने हिरवा जरा गडद केला, मग पुन्हा फिका केला. दुकानदाराने स्टूल बदलून पाहिलं. त्याच्या अकलेत बसेल तेवढी मदत त्याने केली.

"नणंदबाई, मला वेड लागायचं बाकी आहे."

"तुझं तरी बाकी आहे," नणंद म्हणाली.

शुक्रवारी दुपारी वहिनी जुन्या मशीनपाशी काकूंच्या शेजारी बसली आणि पडदा सोडून काकूंकडेच बघत राहिली. तीन फरश्या गेल्या. काकूंनी बटण सोडलं, बोटं कपड्याला पुसली, कोपऱ्यातली पुढची फरशी बघितली आणि पुन्हा बटण धरलं. पुढच्या तीन गेल्या, पुन्हा तेच. दर वेळी तेच.

"काकू, तुम्ही मधे थांबता?"

"मी कुठे थांबते? हा थांबतो. तेवढ्यात मी पुढचं बघून घेते. एवढीही उसंत नसेल तर खेळ कशाला? माझी शिलाई काय वाईट आहे?"

वहिनी गप्प बसली असती तरी कुणाला पत्ता लागला नसता. मशीन शनिवारी परत गेलं असतं, पण न अडखळता. तिने तिथेच संगणक उघडला आणि एक ओळ लिहिली: तीन फरश्या गेल्या की अर्धा सेकंद थांब.

नणंद खांद्यावरून बघत होती. "मुद्दाम अडखळवतेस?"

"हो."

"अगं, मग नाव?"

"शब्द न अडखळण्याचा होता."

"जाऊ दे गं, तुझंच घाल वर." नणंदेने आग्रह एकदा केला. दुसऱ्यांदा केला नाही.

शनिवारी दोन्ही मशीनपुढे रांगा होत्या. काकूंना उसंत मिळाली, दुकानदाराला गिऱ्हाईक, नणंदेला वरची ओळ आयती. वहिनीचे आठ महिने गेले आणि नाव खालीच राहिलं.