सलाइनच्या स्टँडवरचे डॉक्टर

साथ आली आणि आमच्या मानसोपचार डॉक्टरांना वॉर्डात यायची बंदी झाली. मग मी टॅबलेट सलाइनच्या स्टँडला बँडेजने करकचून बांधला आणि डॉक्टरांना चाकांवरून खाटेखाटेपाशी फिरवू लागले. वळणावर स्टँड कलंडला की आतून आवाज यायचा, "सिस्टर, सावकाश!" पीपीई किटमध्ये घामाघूम झालेली मी म्हणायचे, "तुमचं बरं आहे, घरच्या पंख्याखाली बसून!"

त्या दिवशी खिडकीजवळच्या आजोबांची पाळी होती. ताप उतरला होता, पण आल्यापासून त्यांच्या तोंडाला कुलूप. जेवणाचं ताट जसंच्या तसं परत जायचं. आज दुपारीही पोटात काही गेलं नाही, तर नाकातून नळी घालायची असं ठरलं होतं. ती घालायची मीच, आणि माझा हात धजत नव्हता.

डॉक्टर म्हणाले, "नमस्कार आजोबा. मी इथे बसलोय." आणि बसले की गप्प! वॉर्डात यायचे तेव्हाही त्यांची हीच पद्धत, स्टूल ओढायचं आणि पेशंट बोलेपर्यंत बसून राहायचं. पण व्हिडिओत गप्प बसलेला माणूस म्हणजे नेटवर्क गेलं, दुसरं काय? मी कॉल तोडून पुन्हा लावला. डॉक्टर हसले आणि पुन्हा थिजले. माझा पारा चढला. स्टँड गदागदा हलवला, टॅबलेटच्या पाठीवर दोन चापट्या मारल्या आणि पुन्हा बोट बटणाकडे नेलं.

"अहो बाई, बडवताय काय त्यांना!"

मी दचकून वळले. आजोबा उठून बसले होते. "चांगला जिवंत माणूस आहे तो. मागे दोरीवर टॉवेल हलतोय, दिसत नाही?"

डॉक्टर खो खो हसत सुटले. आजोबाही हसले आणि हसता हसता रडायलाच लागले.

"आमची ही माझ्याबरोबरच आली होती. तिला वर नेलं. मग कुणी काही बोललंच नाही. विचारावं, तर भलतंच काही ऐकायला मिळेल याची भीती. घास उतरणार कसा?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथूनच वरच्या मजल्यावर फोन लावला. तिकडची सिस्टर म्हणाली, "त्या आजी? ठणठणीत आहेत. जेवणात मीठ नाही म्हणून रोज माझं डोकं खातात."

डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, मला काढा. आजींना लावा."

आजी टॅबलेटवर आल्या. आजोबा बघतच राहिले. आजीही. दोघंही गप्प. माझं बोट सवयीने बटणाकडे गेलं आणि मी ते मागे घेतलं.

"दाढी काय वाढवलीय ही!" शेवटी आजी म्हणाल्या. मग त्यांचा आवाज भरून आला. "जेवलात का?"

आजोबांनी ताट पुढे ओढलं. "तू घे आधी."

आजींनी तिकडे आपल्या ताटातला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "मीठ नाहीये, आधीच सांगते."

आजोबांनी घास तोंडात घातला, सावकाश चावला. "इथेही नाही," ते म्हणाले, आणि दुसरा घास घेतला.