वन्यप्राणी : निरंक

टपालवाल्या बाईंनी एकतीस वर्षं अभयारण्यातल्या पायवाटेने पलीकडच्या तीन वस्त्यांना पत्रं पोचवली होती. निवृत्तीनंतर त्याच वाटेवरून चौपदरी रस्ता जाणार असं कळलं, तेव्हा त्यांनी हरकतीचा अर्ज लिहायला घेतला. अडचण एवढीच, की रस्त्याचा आराखडा करणारा इंजिनिअर त्यांचाच जावई होता आणि मुलगी-जावई त्यांच्याच घरात राहायचे. अर्ज आणि आराखडा एकाच जेवणाच्या टेबलावर तयार होत होते.

“आई, कोपर जरा सरकवा,” जावई म्हणाला. “माझा पूल दिसत नाहीये.”

“त्याच्याखालून काय जाणार, जावईबापू?”

“पाणी.”

“आणि डुकरं?”

“डुकरं तिथे नाहीतच. हे बघा.” त्याने अहवालाचं पान उघडलं. ‘वन्यप्राणी : निरंक.’

“पाहणी कोणी केली?”

“मीच.”

“गाडीची काच तरी खाली केली होती का?”

भाजी चिरणारी मुलगी फिस्सकन हसली. नवऱ्याने वळून पाहिलं, तशी खोकली.

सुनावणीत बाईंना पाच मिनिटं मिळाली. कुठल्या वळणावर कोण राहतं हे त्यांनी पत्ते सांगावेत तसं सांगितलं: ओढ्याशी साळिंदर, मोठ्या खडकामागे कोल्हा, दलदलीपाशी रानडुकरांचं कुटुंब.

“पण बाई, कागद तर काहीच नाही म्हणतोय,” सुनावणी घेणारे साहेब म्हणाले.

“कागदाला कुठे चालायचं असतं, साहेब?”

साहेबांना ते झोंबलं. “चला! आत्ताच्या आत्ता बघून येऊ.”

जावयाने जीप दलदलीपाशी थांबवली. साहेब चकचकीत बुटांनी खाली उतरले.

“बघा साहेब, चिटपाखरू नाही,” जावई म्हणाला, तोच झुडूप हललं. अंगावर पट्टे असलेलं एक पिल्लू बाहेर आलं आणि साहेबांचा बूट हुंगू लागलं.

“अरे, किती गोड!”

“साहेब, हळूच मागे या,” बाई म्हणाल्या. “आई जवळच असणार.”

आई जवळच होती. तिने फक्त एकदा फुत्कार टाकला. जावई जीपच्या टपावर कसा चढला आणि त्याने साहेबांना वर कसं ओढलं, हे त्या दोघांनाही नंतर सांगता आलं नाही. बाई गुपचूप आत बसल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. डुकरीण जीपच्या सावलीत आडवी झाली. झुडपातून आणखी सहा पिल्लं आली आणि सातही जणं दूध पिऊ लागली.

“आई, गाडी चालू करा ना!”

“किल्ली तुमच्या खिशात आहे, जावईबापू. शिवाय चाकाशी पिल्लं आहेत.”

“मग हॉर्न वाजवा!” साहेब ओरडले.

“वाजवते. ती चिडून धडकली तर टपाला नीट धरून बसा.”

“नको, नको!”

दोन तास गेले. टप तापला. शेवटी साहेबांनी घसा खाकरला. “इंजिनिअर, तो अहवाल काढा. ते निरंक खोडा. आठ लिहा.”

जावयाने गुडघ्यावर फाइल ठेवून लिहिलं.

“नर धरून नऊ करा,” साहेब म्हणाले.

“तो एकटा हिंडतो, साहेब,” आतून बाईंचा आवाज आला. “पण इकडेही येतो अधूनमधून.”

“नऊच करा. लवकर करा.”

डुकरीण गेल्यावर जावई खाली उतरला. बाईंना वाईट वाटलं. तो पूल त्याने किती मन लावून काढला होता, हे त्यांनी टेबलाच्या पलीकडून रोज पाहिलं होतं. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली.

महिन्याभराने आदेश आला: अभयारण्यातलं काम रद्द, रस्ता बाहेरून कालव्याच्या कडेने न्यावा, आणि अभयारण्याची नवी पाहणी त्याच इंजिनिअरने पायी करावी. जावई दोन दिवस मान खाली घालून जेवला. तिसऱ्या दिवशी सकाळी नवे बूट घालून दाराशी उभा राहिला.

“आई, येता का? मला वाट माहीत नाही.”

“येते. पण पुढे मी चालणार आणि तुम्ही तोंडातून एक शब्द काढायचा नाही.”

“हा नियम घरीही लावा की,” आतून मुलगी म्हणाली.