रंगूच्या नावाआधीचा श्वास

"हलद लागली गो, कोनाचे लेकीला?
हलद लागली गो, रंगूचे लेकीला..."

प्राप्तीच्या हळदीला हा धवला सखुबाईनं म्हटला होता. आगऱ्यांच्या लग्नात धवल्यावाचून हळद लागत नाही, आणि पेणच्या खाडीकाठी धवलारीण म्हटलं की सखुबाईच. आवाज असा, की मांडवातली रडकी पोरंसुद्धा गप्प होत. पण त्या दिवशी 'कोनाचे लेकीला' विचारून झालं आणि तो आवाज थांबला. एकच श्वास, पण नेहमीपेक्षा लांब. मग 'रंगूचे' आलं. बायांनी माना खाली घातल्या आणि हळद चोळत राहिल्या.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. रंगू थोरली बहीण, सखू धाकटी. रंगूची कूस उजवली नाही, तेव्हा सखूनं आपली तान्ही लेक नारळासकट तिच्या ओटीत घातली आणि देवापुढं शब्द दिला, आजपासून मी मावशी. गावानंही तो शब्द पाळला. शेजारच्या ठमीची जीभ तेवढी कधीमधी सैल सुटायची, "चालनं सखूचं नि बोलनं रंगूचं! पोर हाय क जत्रा?" त्यावरून प्राप्तीला शाळेत असतानाच कळून चुकलं होतं. कळलं, पण विचारलं नाही. समोर रंगू भाताचा घास घेऊन बसलेली असायची. त्या हाताकडे बघून कुणाची छाती होईल?

आता रंगू गेली. दूरच्या थंड देशातल्या प्रयोगशाळेतून प्राप्ती धावत आली, तोवर चिताही विझली होती. काल बारावं झालं, उद्या विमान. जायच्या आधी एकदा, एकदाच, सखुबाईच्या तोंडून ते खरं नातं ऐकायचं होतं. आज नाही तर मग कधीच नाही, असं तिला वाटत होतं.

दुपार कलल्यावर दोघी रंगूच्या नवऱ्याचा, धर्माबाबांचा, चहा घेऊन मिठागरावर गेल्या. घरात मयत झालं म्हणून मीठ थोडंच थांबतं? चैत्राच्या उन्हात ते वाफ्याच्या तळाशी बसलं की ओढायलाच लागतं. म्हाताऱ्यानं उभ्याउभ्याच चहा घेतला.

"साखर कमी परली गो. रंगू गेली नि साखर पन घेऊन गेली," असं म्हणून त्यानं हसायचा प्रयत्न केला. ते काही जमेना, तसा पाठ फिरवून पुन्हा मीठ ओढायला लागला.

दोघी बांधावर टेकल्या.

"रंगू सांगायची," सखुबाई म्हणाली, "माझी बाय तिकडं मोडतोड करते नि त्याचा पगार घेते. खरं क?"

प्राप्तीला आल्यापासून पहिल्यांदाच हसू आलं. "मी नाही मोडत मावशी. आपोआप मोडतं, मी नुसती बघते."

"काय मोडतं?"

"रॉकेलात, मेणात कार्बन आणि हायड्रोजन एकमेकांचे हात धरून असतात ना, तसले रेणू. एकेकाचा एक इलेक्ट्रॉन आम्ही काढून घेतो. इतका बारीक, की गेल्याचं वजनालाही कळू नये. पण उणं ते उणंच. मग त्याला आयन म्हणायचं. हवा काढलेल्या गोल नळीत तो फिरत राहतो, चुंबकांच्या धाकानं."

"घान्याचा बैल."

"तसाच. मग त्याच्या वाटेत आम्ही इलेक्ट्रॉन सोडतो. हरवलेलं असं समोर आलं की तो झडप घालतो."

"आनी पुरा होतो."

"होतो, पण क्षणभरच. उणं भरतं तेव्हा आत एवढी ऊर्जा उसळते, की धरलेले हात सुटतात. हायड्रोजन उडून जातो, कधी कार्बनची साखळीच तुटते. दोन तुकडे होतील म्हणावं, तर पुष्कळदा तीन होतात. आता कुणातच उणं नाही, म्हणून चुंबकांचा धाक नाही. वळणावर न वळता सरळ येऊन आदळतात. ते जिथं आदळतात, तिथं माझं यंत्र लावलेलं असतं."

"तीन," सखुबाई पुटपुटली. तिनं मिठाचा एक खडा उचलला आणि बोटांत फिरवत बसली.

यंत्रासमोर बसलं की प्राप्तीला नेहमी तो श्वास आठवायचा. त्या श्वासात सखूनं खरं नाव घेतलं असतं, तर हळदीची वाटी धरून उभी असलेली रंगू भर मांडवात फुटली असती.

"मावशी, माझ्या हळदीला त्या ओळीवर तू थांबली होतीस."

"खोकला आयलेला."

"तुला? धवल्यात?"

"का, धवलारनीला घसा नसतो?" मग खडा खाली टाकून, "तिची राख अजून थंड नाय झाली बाय. नि मी उठून तिचे लेकीवर हात ठेवू? तूच आता बोललीस ना, मिललं क मोडतं."

प्राप्तीचे शब्द तिच्याच आड आले. सखुबाईनं टाकलेला खडा तिनं उचलला.

"सगळेच नाही मोडत," ती म्हणाली. "लहान मोडतात. खूप मोठे असले की तो धक्का सगळ्या हातांत वाटला जातो. थरथरतात नुसते. मग हळूहळू उजेड टाकत निवतात. डोळ्यांना दिसत नाही असा उजेड."

सखुबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"रंगू मोठी व्हती गो," ती म्हणाली. "तुझे हलदीला दुसरी धवलारीन मिलली नसती? पन घरी आयली, माझा हात धरला. बोलली, सखू, तूच म्हन. तुझे तोंडून माझं नाव आयलं, क मना खरं वाटंल." तिनं धर्माबाबांकडे बघितलं. "एवढी वरसं तिला खरं वाटलं नव्हतं. रोज भरवत व्हती, तरी."

तिकडे धर्माबाबांच्या हाताखाली मीठ करकरत होतं. सुतकातून नुकत्याच उठलेल्या घराच्या माणसांपुढं धवला गात नाहीत. म्हणून सखुबाईनं सूर लावला नाही. प्राप्तीचं डोकं जवळ ओढलं, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि नुसते शब्द म्हटले.

"हलद लागली गो, कोनाचे लेकीला?"

या वेळी मध्ये श्वास घेतला नाही.

"हलद लागली गो, सखूचे लेकीला."