भिंतीतले मामंजी

म्हशीला सुई टोचायला गुरांचा डॉक्टर आला होता. तिला धरायला शेजारच्या घरातल्या दोन्ही जावा, धाकटीचा नवरा आणि आगाऊपणा करून मी, असे सगळे गोठ्यात दाटीवाटीनं उभे होतो. ती म्हैस काही कुणाला दाद देणारी नाही. सुई बघताच तिनं मागचं सगळं अंग भिंतीवर असं आपटलं की भिंतीचं लिंपण सुटलं. पोपडे उडाले असते तर कुणी लक्षही दिलं नसतं. पण कमरेपासून आढ्यापर्यंतचा अख्खा थर धाडकन खाली आला. धुरळा बसल्यावर बघतो तर आतल्या थरावर चित्रं.

ओल्या मातीत बोटांनी दाबून, काडीनं कोरून काढलेली. मोडक्या शिंगाची गाय, जी मेली तेव्हा घरात चूल पेटली नव्हती. विहिरीवर दोर ओढणारी बाई, पाठीमागून. आणि मधोमध उकिडवा बसून धार काढणारा म्हातारा, एक कान दुमडलेला, जीभ गालात धरलेली. ओळख सांगायला नकोच होती. हे या घरचे मालक, दोन्ही जावांचे मामंजी, वारलेले. लिंपण सुटताना त्यांचं नाक आणि हनुवटी त्याच्याबरोबर गेली होती, तरी माणूस तोच.

आवाज ऐकून जावांची सासू आली. घरात नवऱ्याचा एक फोटो नाही. फोटो काढायला चला म्हटलं की ते म्हणायचे, मग गुरांकडे कोण बघणार. ती जवळ गेली, त्या दुमडलेल्या कानावर हात ठेवला. मग मागं न वळताच विचारलं, "कुणी केलं हे?"

इथं थांबून मागचं सांगायला हवं. मला ते नंतर कळलं, धाकटीच्याच तोंडून.

धाकटी नवी नवरी होती तेव्हाची गोष्ट. शेतात गुरं राखायला बसली होती आणि बांधावरच्या चिकणमातीचं वासरू करण्यात तिची अशी तंद्री लागली की गुरं उभ्या पिकात घुसली. हाताशी आलेलं पीक गेलं. सासूनं ते वासरू पायाखाली चिरडलं आणि बजावलं, पुन्हा असले खेळ दिसले तर माहेरची वाट धरायची. नवऱ्यानं तिच्याकडून तसं कबूलही करून घेतलं. तिनं मान हलवली. पण बोटांना कोण समजावणार?

दरवर्षी गोठा लिंपायचं काम दोन्ही जावांकडे असे. पहिला थर लावायचा, तो ओला असतानाच काटकीनं खरवडून ठेवायचा, म्हणजे दुसऱ्या दिवशीचा वरचा थर त्याला घट्ट धरतो. धाकटी खरवडायच्या जागी चित्रं काढू लागली. भोवतीची माती तळव्यानं गुळगुळीत करायची, म्हणजे चित्र उठून दिसावं. आणि थोरली दारात घमेलं घेऊन उभी राहायची. कुणी आलं की खोकायची. दुसऱ्या दिवशी थोरली घमेली उचलून देई, धाकटी वरचा थर चढवी आणि चित्रं मातीआड जात. वर्षातला तो एक दिवस आपला असतो, असं धाकटी म्हणायची. चित्रांवर ओरखडे ओढायला तिचा जीव धजला नाही, म्हणून वरचं लिंपण कधी नीट धरलंच नाही. इतकी वर्षं तगलं हेच नवल.

तर सासूनं विचारलं, कुणी केलं. धाकटी 'मी' म्हणणार, तेवढ्यात थोरली म्हणाली, "मीच, आई."

सासूनं तिला जवळ ओढलं. त्या घरात थोरलीला इतक्या वर्षांत कुणी बरं बोललं नव्हतं, हे मी शेजारीण म्हणून सांगते. सासू तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडली, आणि थोरलीही रडली. ते रडणं खोटं नव्हतं, त्याचाच मला जास्त राग येतो.

मग सासूची नजर खाली पडलेल्या मातीकडे गेली. एक ढेकूळ उचलून तिनं त्याची भिंतीकडची बाजू बघितली, गुळगुळीत.

"आणि वरचा थर कुणाचा?"

थोरली डोळे पुसत राहिली. धाकटी म्हणाली, "माझा."

मग धाकटीनं जे ऐकून घेतलं ते डॉक्टरासमोर, माझ्यासमोर. खालचा खरवडल्याशिवाय वरचा थर चढवायचा नसतो एवढी अक्कल नाही, तुझ्यामुळं त्यांचं नाक गेलं, लिंपण जमत नाही तर हात कशाला लावलास. धाकटीनं नवऱ्याकडे बघितलं. लग्नानंतर तिनं त्याला परसात बसून मातीचे बैल करून दाखवले होते. हा हात कुणाचा हे त्याला कळलं नसेल असं मी तरी मानणार नाही. त्यानं म्हशीचा कासरा सोडला आणि डॉक्टराला हात धुवायला पाणी आणायला गेला.

"जाऊबाईंचं एकवेळ समजू शकते," धाकटी मला नंतर म्हणाली. "पण ह्यांनी तोंड का शिवलं? घरात भांडण नको म्हणून? मग मी घरातली नाही का?"

दोन दिवसांनी सासूनं थोरलीला फर्मावलं, त्यांचं नाक पुन्हा बसव. मी त्या वेळी भांडं परत द्यायला गेले होते. थोरली मातीचं घमेलं घेऊन गोठ्यात आली. धाकटी शेण भरत होती. थोरली हलक्या आवाजात म्हणाली, "तू कर. मी दारात उभी राहते, नेहमीसारखी."

धाकटीनं हात धुतले. मला वाटलं, करते आता. मामंजींवर तिचा जीव होता. पण ती दाराशी गेली.

"आज दारात मी उभी राहते, जाऊबाई. तुम्ही करा."

थोरली भिंतीसमोर उभी राहिली. मागं वळून बघितलं, कुणी हलेना. शेवटी तिनं मातीचा गोळा उचलला आणि मामंजींच्या तोंडावर थापला. तेवढ्यात धाकटी दारातून खोकली.

सासू आत आली. भिंतीवरचा गोळा घसरला, मामंजींच्या छातीवरून घरंगळत खाली पडला. जन्मभर भिंती लिंपलेली बाई ती. कोरडी भिंत आधी भिजवावी लागते, हे हाताला मातीची ओळख असलेलं कुणीही विसरत नाही. तिनं थोरलीचे हात बघितले, मग दारातल्या धाकटीकडे बघितलं. तिला कळलं. तिचा चेहराच उतरला.

"पोरी," ती म्हणाली, "तू बसव."

"मला लिंपण जमत नाही, आई," धाकटी म्हणाली. "सगळ्यांसमोर तुम्हीच म्हणालात."

आणि शेणाची पाटी डोक्यावर घेऊन ती निघून गेली.

मामंजी अजून तसेच, नाकाशिवाय धार काढत बसलेत. नवरा एकदा म्हणाला म्हणे, कर की आता, कुणाची ना नाही. ती शेण भरायला गेली. म्हातारी रोज सकाळी उठून भिंतीचा तेवढा तुकडा पाण्यानं भिजवते आणि मळलेल्या मातीचं घमेलं खाली ठेवून जाते. संध्याकाळपर्यंत ती माती वाळून भेगाळते. धाकटी वैरण टाकते, घमेल्याला वळसा घालून जाते. मला विचाराल तर बरोबर करते. पण वैरण टाकताना तिची नजर त्या नाकाच्या रिकाम्या जागेवर जाते आणि पदराआड बोटं आपोआप काहीतरी वळत असतात, ते मी बघितलंय.