आईची शाल

ताईने चिमट्यात धरलेला धागा स्पिरिटच्या दिव्याजवळ नेला. ज्योतीला टेकण्याआधीच तो आक्रसला, मग पेटला, वितळला आणि टोकाशी काळी गाठ धरून विझला.

समोरच्या स्टुलावर धाकटा भाऊ बसला होता. आईला जाऊन आठवडा झाला होता, आणि आज जेवणाच्या सुट्टीत तो तिची शाल पिशवीत घालून बहिणीच्या प्रयोगशाळेत आला होता. नोकरी लागल्यावर त्यानेच ती घेतली होती, अस्सल लोकरीची म्हणून. शेवटी शेवटी आई थंडी वाजतेय म्हणायची आणि तो तीच शाल आणखी घट्ट लपेटायचा. ते काही केल्या त्याच्या डोक्यातून जात नव्हतं.

ताईने शालीच्या विणीतला आडवा धागाही जाळला. मग तुलनेसाठी कपाटातल्या लोकरीच्या नमुन्याचा एक धागा. तो कुरकुरत जळला, केस जळल्यासारखा वास सुटला, आणि चिमटीत चुरताच त्याची भुकटी झाली. शालीची गाठ काही चुरली नाही. ताईचे हात सवयीने चालले होते. आठवडाभर सगळंच तसं चाललं होतं. लोक येऊन रडत आणि ती त्यांना पाणी देत असे.

“लोकर नाही,” ती म्हणाली. “नावालासुद्धा नाही.”

बसची वेळ ऐकावी तशी त्याने मान हलवली. मग विचारलं, तुला आधीच माहीत होतं का?

माहीत होतं. शाल आणली त्याच वर्षी आईने एक धागा ओढून तिच्याकडे दिला होता, बघून सांग म्हणून. ताईने तो इथेच जाळला आणि घरी जाऊन बेधडक सांगितलं, अस्सल आहे.

“तिला पटलं?”

“हसली. म्हणाली, तुला खोटं बोलता येत नाही.”

“मग?”

“मग तीच पांघरून झोपली.”

बाहेर कुणीतरी यंत्र चालू केलं. ते थांबल्यावर भावाने घड्याळ पाहिलं.

“बाबा आता रोज तीच घेऊन झोपतात,” तो म्हणाला. “संध्याकाळच्या आत परत न्यायला हवी.”

ताईने दिवा झाकला. खणातून सुई काढून शाल मांडीवर घेतली आणि धागे ओढलेल्या जागेची सुटी टोकं एकेक करून आत ओवू लागली.

“नीट कर,” भाऊ म्हणाला. “ते हात फिरवून बघतात.”