हात पोचला तिथवर

भोकरमधलं घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद पडलं तेव्हा जिलानींनी टेबल उचललं आणि घरच्या अंगणात पेरूखाली, इकडच्या बोलीत जांबाखाली, मांडलं. गिऱ्हाईक तिथंही येऊ लागलं. यंदा मात्र पानांमागं कापसासारखी पांढरी वेटोळी उमटली आणि झाडावरून चिकट थेंब गळायला लागले. उघड्या घड्याळात एक थेंब पडला की दिवसाची मेहनत पाण्यात. त्यांच्या बायकोचे, कमरुन्निसांचे, वाळत घातलेले कपडेही पुन्हा धुवायची पाळी.

शेजारचे किशनराव शेतकरी. त्यांनी पान उलटून पाहिलं. "पांढरी माशी हाय. बाहेरदेशातून आलेली. उद्या माझ्या पपईवर येईल. तोडा हे जांबाचं झाड, जिलानीभाई."

"एक महिना बघा, न्हाई सुधरलं तर तोडू," कमरुन्निसांनी नवऱ्याला मुदत दिली. झाड गेलं तर धंदा कुठं मांडायचा, हा जिलानींना घोर होता.

बिघडलेल्या घड्याळाचा एकेक पुर्जा ब्रशनं घासायचा, ही त्यांची चाळीस वर्षांची विद्या. तीच त्यांनी झाडाला लावली. डोळ्याला भिंग, हातात साबणाचं पाणी, आणि एकेक पान. पांढऱ्यात मधूनमधून काळे ठिपके होते. काळं म्हणजे जास्त कुजलेलं, असं धरून ते त्यांनी जास्तच मन लावून घासले. गुडघे दुखत, म्हणून वरच्या फांद्या राहिल्या. आठ दिवसांत घासलेल्या पानांवर माशी पुन्हा हजर. पुन्हा घासलं, पुन्हा आली.

महिना संपायच्या आदल्या दिवशी शेंड्याचं एक पान टेबलावर पडलं. सवयीनं त्यांनी भिंग लावलं. यावर जवळजवळ सगळेच ठिपके काळे, आणि बहुतेकांना बारीक गोल भोक. एक ठिपका अजून शाबूत होता. जिलानी त्याच्याकडंच बघत बसले.

"चहा गार झाला. पानात काय बघून राहिलात?" कमरुन्निसा म्हणाल्या.

ठिपका आतून कुरतडला गेला आणि बाहेर आली ती माशी नव्हतीच. गांधीलमाशीच्या जातीचा एक कणभर किडा, माशीच्या पिल्लाला आतून खाऊन मोठा झालेला. जिलानींनी वर पाहिलं. शेंड्याला कोवळी हिरवी पालवी होती आणि त्यांच्या हाताखालच्या फांद्या तेवढ्या काळवंडलेल्या. त्यांना फार शरम वाटली. महिनाभर त्यांनी झाडाचे हकीमच घासून मारले होते.

दुसऱ्या दिवशी मुदत संपली आणि सकाळीच किशनराव कुऱ्हाड आणि शिडी घेऊन आले. आता चूक लपवण्यात अर्थ नव्हता. जिलानींनी दोघांना सगळं सांगितलं. कमरुन्निसांनी भिंग घेतलं आणि वरचं पान, मग खालचं पान निरखलं.

"म्हणजे तुमचा हात पोचला तिथवरच झाड बिघडलं."

"हाव," जिलानी म्हणाले. "आता वरची पानं आणून खाली बांधतो, त्यातले किडे खालची माशी खातील. ब्रशला हात लावत न्हाई."

"अन् न्हाई जमलं तर?"

"ठाऊक न्हाई."

कमरुन्निसांनी भिंग नवऱ्याच्या हातात दिलं. मग किशनरावांना म्हणाल्या, "भाऊ, कुऱ्हाड घेऊन जा. शिडी तेवढी राहू द्या."